तापाच्या वॉर्डात काम करणाऱ्या लेकीस

चि. रेवा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तिसऱ्या दिवशी दगावलेल्या त्या बाईविषयी तू फोनवर सांगत होतीस आणि बोलता बोलता 'मलाही जरा कणकण आहे' असे म्हणून पुढच्या विषयाकडे वळलीस. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही, म्हणून आता लिहीत आहे. तब्येतीविषयी एकच वाक्य लिहायचे ठरवले आहे, ते आधीच लिहून टाकते: मलेरियाची तपासणी आजच करून घे.

ती बाई कशाने गेली, हे तुला हवे आहे. दाखल्यावर 'ताप' लिहून चालत नाही हे तुझे म्हणणे योग्यच आहे, परंतु मलेरिया, विषमज्वर, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप), शेतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस आणि रक्तात पसरलेला क्षय हे सगळे तिसऱ्या दिवशी खाटेवर जवळजवळ सारखेच दिसतात. जिथे प्रयोगशाळा अपुरी असते तिथे मग सवयीचे निदान लिहिले जाते. उत्तर टांझानियातील दोन रुग्णालयांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे ताप घेऊन दाखल झालेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के रुग्णांना मलेरिया असल्याचे डॉक्टरांनी मानले होते. प्रत्यक्षात तो १.६ टक्के रुग्णांतच निघाला. उरलेल्यांच्या खऱ्या आजाराला उपचार मिळायला किती उशीर झाला असेल, याचा विचार मी निवृत्तीनंतरही पुष्कळ वेळा केला आहे.

तिचे ब्लड कल्चर, म्हणजे बाटलीत रक्त ठेवून जंतू वाढतो का ते पाहणारी तपासणी, निगेटिव्ह आले, म्हणून जंतुसंसर्ग नव्हता असे तुमच्या वरिष्ठांनी म्हणू नये. प्रौढ माणसाच्या बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवे असते, आणि आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या कितीतरी बाटल्यांत तळाशी जेमतेम दोन-तीन असे. त्यातून गावातल्या दवाखान्यात आधीच अँटिबायोटिक दिलेले असते आणि चिठ्ठीवर त्याचा उल्लेखही नसतो. नीट काढलेल्या रक्तातही विषमज्वराचा जंतू साधारण निम्म्याच रुग्णांत सापडतो, तर स्क्रब टायफसचा जंतू त्या बाटलीत वाढतच नाही. किडा चावलेल्या जागेची काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली लपलेली असते. रुग्णाचे कपडे बाजूला करून पाहणारे कोणी नसेल तर ती दिसत नाही, त्यावर न चालणारे नेहमीचे अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालू राहते, आणि त्यावर चालणारी डॉक्सिसायक्लीनची साधी गोळी मात्र कपाटातच राहते. तू शेतातल्या वस्त्यांवर जातेस, तेव्हा स्वतःचे अंगही तपासत जा. संशोधक रिकेट्स हे उवांमधून पसरणाऱ्या दुसऱ्या टायफसवर काम करीत असताना १९१० साली त्याच टायफसने गेले. पुढे १९१५ साली संशोधक प्रोवाझेकही तसेच गेले, आणि त्या उवांच्या टायफसच्या जंतूला आज दोघांचीही नावे आहेत.

हे लिहायचे नव्हते. क्षमा कर. बाबा म्हणतात तेच खरे, की मी धीर द्यायला बसते आणि घाबरवून उठते.

तुझा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला: आजार ओळखता आला असता, तरी ती वाचली असती का? रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला शिरेतून भराभर सलाइन द्यायचे, हे इतके पक्के मानले जात होते की त्याची चाचणी घ्यावी असे फारसे कोणाला वाटत नव्हते. युगांडा, केनिया आणि टांझानियात तीन हजारांहून अधिक तापलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांवर ती घेतली गेली, तेव्हा २०११ साली निकाल उलटा आला. ज्यांना द्रव वेगाने दिले त्यांच्यापैकी सुमारे १०.५ टक्के मुले ४८ तासांत गेली, आणि ज्यांना तसे दिले नाही त्यांच्यापैकी ७.३ टक्के. पुढे झांबियात प्रौढांवरही असाच अनुभव आला: भराभर द्रव देण्याच्या पद्धतीत ४८ टक्के रुग्ण गेले, नेहमीच्या उपचारात ३३. ज्या वॉर्डात व्हेंटिलेटर नाही, रक्त मिळेल याची शाश्वती नाही, तिथे अतिदक्षता विभागाचे नियम जसेच्या तसे नेता येत नाहीत, हे त्या मुलांमुळे कळले. तू असे प्रश्न विचारतेस याचा मला इतका अभिमान वाटतो की नंदाला मी तुझे बोलणे शब्दशः ऐकवले.

तू चार वर्षांची असताना तापात बरळत होतीस, ते आठवते. मलेरियासाठी रक्ताचा जाड थेंब घेतलेल्या काचेवर सूक्ष्मदर्शकातून किमान शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचे नाही, असा आमचा दंडक होता. तुझी काच मी पाहिली, पुन्हा पाहिली आणि मग स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता देशपांडेबाईंना दिली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खुर्ची ओढून बसल्या. तुझ्या काचेवर परोपजीवी नव्हता, आणि त्याने माझा जीव अधिकच उडाला, कारण मलेरिया निघाला असता तर औषध तरी ठाऊक होते. असो, कल्चरवरून कुठे येऊन पोहोचले!

त्या बाईच्या कागदांत एवढे शोध: ती दारात कधी आली, अँटिबायोटिकची पहिली मात्रा किती वाजता मिळाली, रक्तातली साखर तपासली होती का, श्वास कोणी मोजले होते का, आणि रात्री ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता का. जंतूचे नाव कदाचित कधीच मिळणार नाही. हे तास मात्र कुठेतरी लिहिलेले असतात, आणि नसतील तर तेही नोंदवून ठेव. आपल्याला ताप असताना रात्रपाळी घेऊ नये, हे तुला सांगण्याची गरज नाही, तरी सांगते.

दादा गुरुवारी तिकडे येतो आहे. त्याच्याबरोबर दोन पल्स ऑक्सिमीटर पाठवते. एक वॉर्डाला दे. दुसरा वॉर्डाला द्यायचा नाही, तुझ्या खोलीत ठेवायचा.

तुझी,
आई