त्रिपुरी पौर्णिमेला हलशीत

खानापूर (जि. बेळगाव),
त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय सदानंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना होत आला. परंतु उत्तर लिहायचे ते हलशीला जाऊन आल्यावरच, असे मी ठरवले होते, आणि जायचे तेही त्रिपुरी पौर्णिमेलाच. या हट्टाचे कारण पुढे येईल.

शाळेच्या सहलीत आपण पाहिलेले भूवराह-नरसिंहाचे देऊळ तुला आठवत असेल. समोरासमोर दोन गाभारे, एकात नारायण आणि दुसऱ्यात वराह. मधोमध उभे राहिले की कोणाकडे पाठ करावी या विचाराने आपण तेव्हा संकोचून गेलो होतो, आणि तो संकोच मला याही वेळी जाणवला. हे देऊळ गोव्याच्या कदंब राजांच्या काळातले. शिवचित्त पेर्माडीच्या कारकिर्दीतील इ. स. ११६९ चा शिलालेख तेथे आहे आणि त्यात काळ कलियुगाच्या ४२७० व्या वर्षाने मोजला आहे. आलेला प्रवासी एवढे पाहून परततो. मीही अनेक वर्षे तसाच परतत होतो.

मात्र या देवळाच्याही सहाशेहून अधिक वर्षे आधी येथे बनवासीच्या कदंबांचे पलाशिका हे नगर नांदत होते. पलाशिकेचे पलसिगे, मग हलसिगे आणि शेवटी हलसी झाले. जुन्या कन्नडातला ‘प’ पुढे ‘ह’ झाला, पालूचे हालू झाले, त्याच वाटेने हेही नाव गेले, आणि आपण मराठी माणसांनी त्याला हलशी म्हटले. पलाशिकेची साक्ष देणारे ताम्रपट एकोणिसाव्या शतकात गावाबाहेर, नंदगडच्या रस्त्यालगत, चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळील मातीच्या ढिगात सापडले. शिलालेख-ताम्रपटांचे अभ्यासक फ्लीट यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. एका ताम्रपटात मृगेशवर्मा आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधवतो आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या जैन साधुसंघांना ३३ निवर्तने (जमीन मोजण्याचे जुने माप) जमीन देतो. तीन वेगवेगळ्या संघांना एकाच दानात सामावून घेणारा तो राजा मला फार जवळचा वाटतो.

त्याचा मुलगा रविवर्मा. त्याच्या ताम्रपटातील आज्ञा वाचल्यापासून मला चैन नव्हते. पलाशिकेत दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा, त्याचा खर्च दिलेल्या गावाच्या उत्पन्नातून चालावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तपस्व्यांना अन्न मिळावे, असे तो सांगतो. ही काळजी किती नेमकी आहे, पाहा! आपल्याकडचा आषाढ-श्रावण तुला ठाऊकच आहे. ओढे-नाले भरून वाहत असताना पायी फिरणाऱ्या साधूंना एका जागी थांबावे लागणार आणि थांबले की पोटाची सोय लागणार, हे या पावसात राहिलेल्या माणसालाच सुचावे.

म्हणून मी पौर्णिमेला गेलो. भातकापणी ऐन भरात होती. चक्रतीर्थाकडे वळताना बांधावरच्या एका आजोबांनी विळा थांबवून विचारले, “काय बघूलासा?” मी त्यांना आठ दिवसांच्या उत्सवाची हकीकत सांगितली. ते शांतपणे ऐकत राहिले आणि नंतर एवढेच म्हणाले, “मग आज त्याचाच शेवटचा दिवस की!”

सदानंद, मी थक्क झालो, कारण ते खरेच होते. आपल्या जिल्ह्यातले जैन बांधव आजही कार्तिक शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टाह्निका पर्व पाळतात. राज्ये गेली, जिनालयाला जमीन देणारे हात गेले, आणि ते आठ दिवस मात्र दिनदर्शिकेत जसेच्या तसे आहेत. गावातल्या जुन्या पडक्या बसदीपाशी, म्हणजे जैन मंदिरापाशी, मी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. परत निघालो तेव्हा घराघरांपुढे त्रिपुरीच्या पणत्या लागल्या होत्या.

पुढच्या वर्षी पौर्णिमेला येऊ नकोस. अष्टमीलाच ये, म्हणजे आठही दिवस हाताशी राहतील. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
दत्ता