भंगारातले तेल आणि ध्रुवावरचे सील

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुर्भ्यात एका भंगारवाल्याकडे जुना ट्रान्सफॉर्मर फोडताना पाहिला. त्यातले काळपट तेल सरळ गटारात चालले होते. अशा जुन्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे विषारी रसायन असू शकते. ते सहजी विघटित होत नाही. उष्ण प्रदेशात त्याची वाफ होते, थंडीत ते पुन्हा खाली बसते आणि असे टप्प्याटप्प्याने थेट आर्क्टिकपर्यंत पोहोचते. तेथे प्लवकांतून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांतून) माशांत, माशांतून सीलमध्ये आणि सीलमधून ध्रुवीय अस्वलात जाताना चरबीत साठून त्याचे प्रमाण वाढतच जाते, आणि सर्वांत क्लेशदायक म्हणजे मादीच्या दाट, स्निग्ध दुधातून ते पिलाच्या पोटात उतरते. आसपास कारखाना नसतानाही कॅनडातील उत्तर क्युबेकमधील इन्युइट या मूळ रहिवासी समाजाच्या मातांच्या दुधात १९८०च्या दशकात त्याचे प्रमाण दक्षिण क्युबेकमधील मातांपेक्षा कितीतरी जास्त आढळले, कारण सील व बेलुगा (पांढरा देवमासा) हे त्यांचे पारंपरिक अन्न.

भारताने २००६मध्ये अशा टिकाऊ विषारी रसायनांवर बंदी वा निर्बंध घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली आणि २०१६च्या आदेशाने पीसीबीच्या वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही अखेरची मुदत घातली. मात्र भंगारात गेलेले तेल कोण तपासतो? ठाणे-बेलापूर पट्ट्यातील भंगार व्यावसायिकांकडून असे तेल तपासून, बंद पिंपांत गोळा करण्याची व्यवस्था संबंधित यंत्रणांनी तातडीने उभारावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई