मेट्रोपर्यंत पोहोचवणारी बस हवी: नागपूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
नागपूर जिल्हा

सविनय नमस्कार.

११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण पूर्ण झाले आणि खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, तसेच लोकमान्य नगर ते प्रजापती नगर हा प्रवास सुखाचा झाला, याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र या दोन मार्गिका बर्डीला (सीताबर्डीला) एकमेकींना छेदून वेगळ्या होतात आणि त्यांच्या मधल्या कोनात मानेवाडा, म्हाळगी नगर, हुडकेश्वर, दिघोरी हा सगळा दाट वस्तीचा भाग राहून जातो. ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पाही कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे, म्हणजे शहराबाहेर जाणार आहे. आम्ही मेट्रो मागत नाही. मेट्रोच्या स्थानकापर्यंत वेळेवर नेणारी बस मागत आहोत.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, येणाऱ्या रुग्णांसाठी. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून आलेला माणूस रेल्वे स्थानकावर उतरतो, मेट्रो तिथे समोरच असते, पण ती मेडिकल चौकाकडे जात नाही. आईला तपासणीसाठी नेताना मी अनेकदा पाहिले आहे की हातात फाइल आणि औषधांची पिशवी घेतलेली वयस्क माणसे ऑटोचे भाडे ऐकून मागे फिरतात आणि मे महिन्याच्या उन्हात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, पायी चालू लागतात.

यासाठी नवे रूळ किंवा नवा पूल लागणार नाही. दिघोरीहून रिंग रोडने म्हाळगी नगर, मानेवाडा, ओंकार नगर असे करत छत्रपती चौक मेट्रो स्थानक गाठणारी एक छोटी बस, आणि रेल्वे स्थानकाहून मेडिकलमार्गे मानेवाड्याला येणारी दुसरी, अशा दोन फेऱ्या पहिल्या मेट्रोपासून शेवटच्या मेट्रोपर्यंत चालाव्यात आणि दोन्हींना मेट्रोचेच तिकीट चालावे. रात्री कामावरून परतणाऱ्या महिलांसाठी शेवटची फेरी विशेष मोलाची आहे.

शहर बस महापालिकेकडे, मेट्रो महामेट्रोकडे आणि ऑटोचे परवाने परिवहन विभागाकडे असल्यामुळे हा प्रश्न कोणा एकाचा होत नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष या नात्याने या सर्वांना एकत्र बसवणे आपल्यालाच शक्य आहे. त्या बैठकीपूर्वी संबंधित अधिकाऱ्यांनी एका सकाळी आठ ते दहा या वेळेत म्हाळगी नगर चौकात उभे राहून पाहावे, ही विनंती. मी त्यांच्यासोबत थांबेन.

आपला नम्र,
मानेवाडा येथील एक रहिवासी