तेजस ओझरला आलं, सुट्या भागांचं काय? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी आपण नाशिकजवळच्या ओझरला तेजस मार्क-१ए या स्वदेशी लढाऊ विमानाच्या तिसऱ्या उत्पादन लाइनचं उद्घाटन केलंत आणि इथं जोडलेलं पहिलं तेजस उडालं. वर्षाला आठ विमानं इथून निघायची आहेत. नाशिककरांना त्याचा अभिमान आहेच. पण कारखान्याच्या गेटबाहेर पडल्यावर ते विमान पुढची तीस-चाळीस वर्षं कशावर उडणार, याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

ओझरला याचा जुना अनुभव आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आणि नाशिकचेच खासदार असताना, १९६४ साली, सोव्हिएत बनावटीच्या मिग-२१ लढाऊ विमानांसाठी इथं कारखाना उभा राहिला. (मिग निवृत्त झालं, तरी आमच्याकडे त्या भागाला अजून ‘ओझर मिग’च म्हणतात.) मिग-२१चं उत्पादन ऐंशीच्या दशकात थांबलं आणि शेवटची विमानं निवृत्त झाली २६ सप्टेंबर २०२५ला. मधला सगळा काळ ती ओव्हरहॉल (पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) आणि सुट्या भागांवर उडत राहिली. १९९१मध्ये सोव्हिएत संघ फुटला, तेव्हा भाग पुरवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले आणि साध्या भागांसाठीही खोळंबा होऊ लागला.

तेजसच्या बाबतीत त्याची चुणूक दिसलीच आहे. २०२१मध्ये तेजससाठी अमेरिकेतून मागवलेल्या एफ-४०४ इंजिनांपैकी पहिलं हाती आलं २०२५मध्ये. इंजिन सातपूरला बनवा, असा हट्ट कोणी शहाणा माणूस धरणार नाही. पण बुश, ब्रॅकेट, पाइपची कपलिंग, पिना? नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतली वर्कशॉप मोटारींच्या भागांवर वाढली. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं आहेत, मायक्रॉनमध्ये काम करणारे हात आहेत. मीही तिथलाच एक छोटा कारखानदार.

अडतं ते हिशेबात. मोटारीचा भाग लाखात लागतो, विमानाचा पाच-पंचवीस नग. तेवढ्यासाठी फिक्श्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारी चौकट) करायचं, पहिल्या नगाची संपूर्ण तपासणी करून घ्यायची, हीट ट्रीटमेंट आणि एनडीटी (भाग न मोडता केलेली तपासणी) मान्यताप्राप्त ठिकाणीच करायची. टायटॅनियमचा हातभर तुकडा हवा असतो. विकणारा म्हणतो, अख्खा लॉट घ्या. एवढं करून पुढच्या वर्षी नवं टेंडर निघतं आणि चार रुपये कमी भरणारा दुसराच एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराचा, ठरतो. पहिल्याचं फिक्श्चर रॅकवर पडून राहतं. असा व्यवहार दुसऱ्यांदा कोण करेल?

८३ आणि ९७, अशा १८० मार्क-१ए विमानांचे करार आपण केले आहेत. म्हणजे कोणता भाग किती तासांनी बदलावा लागेल, याचा अंदाज आजच बांधता येतो. तेव्हा सुट्या भागांच्या ऑर्डरी वर्षावर्षाच्या न ठेवता पाच-सात वर्षांच्या द्या. विमानाच्या प्रतीचा धातू सरकारने एकगठ्ठा घेऊन नाशिकमध्येच ठेवावा आणि आम्हाला लागेल तेवढा कापून, रोख पैसे घेऊन विकावा. उधारी नको. मान्यताप्राप्त तपासणीची सोयही इथंच हवी. तिचा खर्च आम्ही वापरापुरता भरू.

ओझरची लाइन पूर्ण वेगात येईपर्यंतचा काळ या तयारीसाठी मिळतो आहे. पहिल्या टप्प्यात कोणते भाग इथं करता येतील, याची यादी जाहीर झाली तर आम्ही लगेच कामाला लागू.

आपला,
सातपूर औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक
नाशिक