चि. सौरभला पत्र

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ऑफिसच्या तपासणीचा रिपोर्ट वाचून दाखवलास आणि ‘सगळं नॉर्मल’ म्हणून मोकळा झालास. माझं काही समाधान झालं नाही. एकूण कोलेस्टेरॉल 188 दिसायला बरं दिसतं, पण तुझं एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, 34 आहे. ते वजा कर. राहिले 154. हे नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं सगळं कोलेस्टेरॉल. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत हृदयविकाराचा कमी धोका असलेल्यांनाही हे 130 च्या आत आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 100 च्या आत ठेवायला सांगितलंय. तुझं एलडीएल 128 आहे.

इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, त्यामुळे हे डोळ्यांसमोर येतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फार वाढलेल्या माणसाच्या रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढली की वरचं सिरम, म्हणजे रक्तातलं वेगळं झालेलं पाणी, दुधट दिसतं, बघताक्षणी कळतं. एलडीएल वाढलेल्याचं सिरम मात्र स्वच्छ, पिवळसर, कुणाही निरोगी माणसासारखं. म्हणून तिथे आकडाच बघावा लागतो.

आणि एक तपासणी तुझ्या रिपोर्टात नाहीच. लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी सांगावी लागते. त्याचं रक्तातलं प्रमाण मुख्यतः आईवडिलांकडून येतं आणि खाण्याने, व्यायामाने फारसं हलत नाही. त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते. डेसिलिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला समजतात. अण्णाकाका गेले तेव्हा त्यांची पंचेचाळिशीही उलटली नव्हती. सिगारेट नाही, साखर नाही, रोज सकाळी टेकडी. त्यांची ही तपासणी कधी झालीच नाही, त्यामुळे कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही. पण बाबांचे ते सख्खे भाऊ, आणि तू बाबांचा मुलगा.

‘वाढलेलं निघालं तरी करणार काय?’ असं तू विचारशील. करण्यासारखं पुष्कळ आहे. लायपोप्रोटीन-ए खाली आणणं अवघड, पण मग एलडीएल, बीपी आणि साखर यांत जराही सैल सोडायचं नाही. गोळी लागेल का, हे डॉक्टर ठरवतील. तू नेटवर वाचून ठरवू नकोस.

उपाशीपोटी जायची गरज नाही, त्यामुळे सकाळच्या मीटिंगचं कारण चालणार नाही. सोबत एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, पण सांग. बाबांना मी सोमवारी नेतेय. रिपोर्ट आला की फोटो पाठव, आणि डॉक्टरांना अण्णाकाकांचं वय आठवणीने सांग.

तुझी,
आई