गोधडी पांघरू नकोस, अंथर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तू खोलीत कोळशाची शेगडी पेटवतेस हे ऐकून काल फोनवर माझा आवाज चढला. तू फोन ठेवून दिलास, बरोबर केलंस. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोललेली नाही. म्हणून लिहायला बसलोय, शेगडीचा विषय काढायचा नाही असं ठरवून.

"निफाडची आहे मी, थंडी काय नवी आहे का?" म्हणालीस. खरंय. पण आपल्याकडे पहाटे पारा ६ वर आला तरी दुपारी स्वेटर काढावा लागतो. दिल्लीत जानेवारीत धुकं धरलं की दिवस दिवस ऊन नाही, भिंती आणि फरशी तापतच नाहीत. त्यात तुझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब.

आधी खालची थंडी थांबव. अंगाच्या वजनाने गादी दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि गारठा पाठीत शिरतो. पार्सलमध्ये बाईच्या लुगड्यांची गोधडी आहे, ती गादीवर अंथर. वरून रजई. एकेरी रजईला दोन-अडीच किलो कापूस पुरे. हाताने चाचपून बघ. आत गोळे झाले असतील तर पिंजून घे. ऊब कापसात अडकलेल्या हवेची असते, गोळा झाला की ती हवाच राहत नाही. ऊन पडेल त्या दिवशी दोन तास गच्चीत टाक.

फरशीवर सतरंजी, खिडकीच्या चौकटीला फोमची चिकटपट्टी. दाराच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लाव. ऊन असेतो पडदे उघडे ठेव, कललं की ओढून घे. वरचा झरोका मात्र बुजवू नकोस. शेगडी असो वा नसो... आलोच बघ तिथे.

आलोय तर सांगून टाकतो. कोळसा लालबुंद झाला, धूर थांबला, की लोकांना वाटतं आता भीती नाही. तसं नसतं गं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. जागं माणूस निदान दार तरी उघडेल, झोपलेल्याला काही कळतच नाही. तुझी मैत्रीण शेजारी पाण्याची बादली ठेवते म्हणालीस; त्याने हवेला ओल येते, गॅस जात नाही. आपण बागेत शेकोट्या करतो त्या उघड्यावर. तिसरीत असताना माझी कानटोपी घालून तू पहाटे बांधावर यायचीस, कुठल्या ओळीतली शेकोटी विझली ते ओरडून सांगायचीस. एकही नजरेतून सुटायची नाही. आता एवढ्या मोठ्या ऑफिसचे हिशोब बघतेस, आणि मी तुला शेगडी शिकवतोय.

असो. तेलाचा हीटर घे, पैसे टाकलेत. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो आणि छोटं सॉकेट असतं ६ चं. १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लाव. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पिन जराशी सैल असली तरी तिथेच तापते, प्लास्टिक वितळतं. झोपण्याआधी तासभर चालव आणि बंद कर. त्याच्यावर मोजे वाळत घालू नकोस.

मोज्यांचं निघालं म्हणून. दोन जोड चढवून बूट घट्ट झाला की पाय उलट जास्त गार पडतात, रक्त नीट फिरत नाही. दिवसभराचे मोजे घामाने दमट झालेले असतात, झोपताना कोरडे घाल. थर्मल अंगासरशी हवं, स्वेटर थोडा सैल. आत्याने विणलेला स्वेटर मशीनमध्ये टाकू नकोस. कोमट पाणी, रिठा, पाच मिनिटं. पिळायचा नाही; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आडवा पसरायचा. ओला असताना हँगरला टांगलास तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील.

पुन्हा भाषण झालं. रागावू नकोस. आईने बेदाणे आणि मेथीचे लाडू गोधडीच्या घडीत ठेवलेत, झटकण्याआधी काढून घे.

हीटर लावलास की प्लगचा फोटो पाठव. आणि शेगडी गच्चीत नेऊन ठेवल्याचाही.

तुझे,
अण्णा