टेम्पो रिकामा परत गेला : महसूलमंत्र्यांना एका खातेदाराचं खुलं पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची, कोर्टाने ठरवून दिलेली रक्कम न मिळाल्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्यामागे कामाचा व्याप आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या महिन्यात मी कोर्टाच्या बेलिफाबरोबर एका सरकारी कार्यालयात जप्तीला गेलो होतो. जप्तीचं सामान उचलायला टेम्पो आणि हमाल आपणच न्यायचे असतात. टेम्पोवाल्याने अठराशे घेतले. बेलिफाने यादी लिहायला घेतली : खुर्च्या सहा, संगणक दोन, लोखंडी कपाट एक. एका खुर्चीवर कुणा लिपिकाचा जेवणाचा डबा होता. त्याने तो उचलला, छातीशी धरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मलाच कसंतरी झालं. मग साहेब बाहेर आले. एक महिन्याच्या आत पूर्ण रक्कम कोर्टात भरतो, असं त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. वकील म्हणाले, लेखी देतायत, थांबू या. टेम्पो रिकामा परत गेला.

तो महिना गेल्या शुक्रवारी संपला. पैसे आले नाहीत, पत्र आलं. निधीची मागणी वरिष्ठ कार्यालयाकडे केली आहे, अनुदान प्राप्त होताच कार्यवाही करण्यात येईल. हे वाक्य माझ्या फायलीत आता पाचव्यांदा लागलं आहे.

आमची 1 हेक्टर 34 आर जमीन 1996 मध्ये पाझर तलावात गेली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ओलिताची जमीन आधीच थोडी, त्यात आमची विहीर याच तुकड्यात होती. वडिलांनी विरोध केला नाही. गावाला पाणी होईल म्हणाले. 1999 च्या निवाड्यात जो भाव लावला, त्यात तालुक्याला एक गुंठा घर बांधायलाही मिळाला नसता. वडिलांनी हरकत नोंदवून रक्कम उचलली आणि भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खाली कोर्टात वाढीव भावासाठी दाद मागितली. कोर्टाने 2011 मध्ये वाढीव भाव दिला. शासन हायकोर्टात गेलं, तिथलं अपील 2017 मध्ये फेटाळलं गेलं. तेव्हापासून दरखास्त, म्हणजे निकालाची रक्कम वसूल करून मागण्याचा कोर्टातला अर्ज, चालू आहे. वडील 2019 मध्ये गेले. शेवटच्या आजारपणात ते मला रोज विचारायचे, तारीख कधी आहे? तब्येतीचं विचारलं तर उत्तर द्यायचे नाहीत. बहिणीच्या लग्नाला बैलजोडी विकली, ती पुन्हा दावणीला आली नाही. मी बारावीनंतर शिक्षण सोडलं, कारण तारखेला जायला घरात दुसरं माणूस नव्हतं. आता मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. यातलं काय भरून देणार तुम्ही?

मुद्दल आणि दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतली म्हणून कायद्याने वर मिळते ती) मिळून पाच लाखांच्या थोडं वर होतं. त्यावर कायद्याने पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज आहे. म्हणजे दिवसाला दोनशे रुपयांहून जास्त चढतात, तेही जनतेच्या तिजोरीतून. ज्यांच्यामुळे उशीर झाला त्यांच्या पगारातून एक रुपया कधी कापला गेला का?

संविधानाचा अनुच्छेद 300 क सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. 44 व्या घटनादुरुस्तीने 1978 मध्ये मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला, हे एवढंच कलम उरलं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात त्याचा अर्थ उलगडून सांगितला : नोटीस द्या, म्हणणं ऐका, कारणं लिहा, सार्वजनिक कामासाठीच घ्या, वाजवी मोबदला द्या, काम वेळेत करा आणि शेवटाला न्या. आमच्या बाबतीत नोटीस तेवढी वेळेवर आली.

ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यातल्या एका कुटुंबाच्या जमिनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चाललं होतं. सरकारने साठ वर्षांपूर्वी ती जमीन ताब्यात घेतली आणि बदल्यात दिली ती जमीन वनखात्याची निघाली. योजनांवर वाटायला पैसा आहे आणि मोबदला द्यायला नाही, म्हणून लाडकी बहीण योजनाच थांबवू, असं न्यायमूर्तींना राज्य सरकारला बजावावं लागलं. माझ्या बहिणीला महिन्याला पैसे मिळतात, ते तिला मिळालेच पाहिजेत. पण ज्या जमिनीत तिचाही हिस्सा होता, तिचे पैसे अडवून ते कशाला?

मी एकटा नाही. देशभरात 8 लाख 82 हजारांहून जास्त दरखास्ती पडून आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानेच 2025 मध्ये सांगितलं. त्यात सगळ्यात मोठा आकडा आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतला. एवढे लोक खटला जिंकून हात हलवत बसले आहेत. माझ्या गावच्या सोसायटीच्या शेतीकर्जाचा हप्ता थकला तर सातबाऱ्यावर बोजा चढतो, विजेचं बिल थकलं तर वायरमन दुसऱ्या दिवशी खांबावर चढतो. शासन थकलं तर शासनाला तारीख मिळते. कायद्यापुढे सगळे समान, हे अनुच्छेद 14 मध्ये लिहिलेलं आहे, ते कुणासाठी?

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं की सनदशीर मार्ग उघडे असताना दुसऱ्या वाटेने जाणं म्हणजे अराजकाचं व्याकरण. आमच्या घराने ते तंतोतंत पाळलं. तलावाच्या भिंतीवर कुणी आडवं झोपलं नाही, कुणावर हात टाकला नाही, ना रस्ता अडवला. अर्ज केले, स्टॅम्प लावले, तारखा केल्या. आणि सही-शिक्क्याचं लेखी वचन मोडलं ते सरकारने. मग सनदशीर मार्ग सोडला कुणी? गावातली पोरं मला विचारतात, काका, कोर्टात जाऊन काय मिळालं? त्यांना मी काय दाखवू, ही पाच पत्रं?

मला मेहरबानी नको. माझ्या दरखास्तीची रक्कम व्याजासह कोर्टात जमा करा. प्रत्येक जिल्ह्यात किती वाढीव मोबदले थकले आहेत आणि कधीपासून, त्याची यादी छापून लावा. भूसंपादनाच्या निकालांसाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करा, म्हणजे अनुदानाची वाट बघायचं कारण उरणार नाही. आणि लेखी हमी मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून व्याज वसूल करा.

पुढची तारीख सोळाला आहे. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. या वेळी तो अडीच हजार मागतोय.

आपला,
एक खातेदार